जलवाहिनीच्या भिंतीवर वस्ती करणारे जिवाणू

शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडताना जे पाणी प्रत्येक कसोटीला उतरलेले असते, त्याच पाण्यात काही किलोमीटर पुढे, एखाद्या इमारतीच्या नळाशी, रोगकारक जिवाणू सापडले असे ऐकले की आपला पहिला तर्क असा असतो की वाटेत कुठेतरी जलवाहिनी फुटली असावी आणि सांडपाणी आत शिरले असावे. पुष्कळदा तो तर्क बरोबरही असतो. परंतु पाण्याच्या सूक्ष्मजीवशास्त्राविषयी जितके वाचत गेलो, तितके माझे मत पक्के होत गेले की या तर्कापाशी थांबल्यामुळे आपण प्रश्नाचा अर्धाच भाग पाहतो. काही जिवाणू पाण्याबरोबर येतात आणि पाण्याबरोबरच निघून जातात किंवा मरतात; काही मात्र जलवितरण व्यवस्थेतच राहतात, वाढतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. दोन्ही प्रकार घातक ठरू शकतात, पण त्यांना रोखण्याचे मार्ग वेगळे आहेत, आणि पहिल्या प्रकारासाठी तयार झालेल्या चाचण्या दुसऱ्या प्रकाराविषयी जवळजवळ काहीच सांगत नाहीत.

पहिल्या प्रकाराचे उदाहरण म्हणून कॅनडातील ओंटारियो प्रांतातल्या वॉकर्टन या गावाकडे पाहता येईल. मे २००० मध्ये तेथे मुसळधार पावसानंतर जनावरांच्या शेणातील जिवाणू एका उथळ विहिरीत उतरले आणि ई. कोलाय ओ१५७:एच७ व कॅम्पिलोबॅक्टर यांनी दूषित झालेले पाणी घरोघरी पोहोचले. सुमारे पाच हजार वस्तीच्या त्या गावात जवळपास २,३०० लोक आजारी पडले आणि सात जण दगावले. पाण्यातील उर्वरित क्लोरीन, म्हणजे प्रक्रियेनंतर पाण्यात शिल्लक राहणारे क्लोरीन, रोज मोजणे अपेक्षित असताना ते मोजले जात नव्हते आणि नोंदवहीत मात्र आकडे लिहिले जात होते, असे चौकशीत निष्पन्न झाले. येथे जिवाणूंनी टिकून राहण्यासाठी काही विशेष केले नव्हते. ई. कोलाय हा मुळात उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात राहणारा जिवाणू आहे. थंड, पोषणहीन पाण्यात तो सहसा वाढत नाही आणि पुरेसे क्लोरीन असेल तर फार वेळ जगतही नाही. म्हणूनच तो पाण्यात सापडणे हा विष्ठेचा संसर्ग अलीकडेच झाल्याचा भक्कम पुरावा मानला जातो, आणि त्या कामासाठी ही चाचणी उत्तमच आहे. पण ई. कोलाय न सापडणे म्हणजे नळीत घातक असे काहीच नाही, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

दुसऱ्या प्रकाराचे जिवाणू समजून घ्यायचे तर लक्ष वाहत्या पाण्यावरून नळीच्या भिंतीकडे न्यावे लागते. नवी कोरी नळी पाण्याच्या संपर्कात आली की काही तासांतच तिच्या आतल्या पृष्ठभागावर पाण्यातील सेंद्रिय रेणूंचा अतिशय पातळ थर बसतो. त्या थराला वाहत्या पाण्यातले काही जिवाणू चिकटतात, सुरुवातीला सैलपणे आणि नंतर कायमचे. चिकटलेल्या पेशी शर्करा-बहुवारिके, प्रथिने आणि डीएनए यांचा बुळबुळीत पदार्थ आपल्याभोवती स्रवतात, त्यात आणखी जाती येऊन मिसळतात, आणि हळूहळू बायोफिल्म तयार होते. पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांमधली बायोफिल्म सांडपाण्याच्या नळीतल्यासारखी जाडजूड नसते. बहुतेक ठिकाणी ती काही मायक्रोमीटर जाडीची, तुटक आणि विरळ असते. तरीसुद्धा वितरण व्यवस्थेतील एकूण जिवाणूंपैकी सुमारे ९५ टक्के भिंतींवर आणि उरलेले पाण्यात असतात, असा अंदाज या क्षेत्रात वारंवार दिला जातो. त्यांतले बहुसंख्य पूर्णपणे निरुपद्रवी असतात, हे येथेच स्पष्ट केले पाहिजे. उत्तम दर्जाच्या नळाच्या पाण्यातही एका मिलीलिटरमध्ये हजारो, प्रसंगी लाखांच्या घरात जिवंत पेशी असतात आणि त्या पिऊन निरोगी माणसाला काहीही होत नाही. काळजी आहे ती या वस्तीच्या आडोशाने राहणाऱ्या मोजक्या जातींची.

हा आडोसा नेमका कसा काम करतो, याविषयी एक गैरसमज रूढ आहे. बायोफिल्मचा चिकट पदार्थ क्लोरीनला भिंतीसारखा अडवतो, असे अनेकदा लिहिले जाते. वस्तुस्थिती अधिक सूक्ष्म आहे. क्लोरीनचा रेणू लहान आहे आणि त्या पाणथळ पदार्थातून तो सहज झिरपू शकतो. पण तो अत्यंत क्रियाशीलही आहे, त्यामुळे वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक सेंद्रिय रेणूशी अभिक्रिया करत तो खर्च होतो. बाहेरच्या थरात खर्च होण्याचा वेग आत झिरपण्याच्या वेगापेक्षा जास्त असला, तर तळाशी राहणाऱ्या पेशींपर्यंत फारच थोडे क्लोरीन पोहोचते. १९९४ मध्ये काही संशोधकांनी अतिसूक्ष्म विद्युतअग्रे बायोफिल्ममध्ये खुपसून क्लोरीन प्रत्यक्ष मोजले, तेव्हा आतले प्रमाण बाहेरच्या पाण्यातील प्रमाणाच्या २० टक्के किंवा त्याहूनही कमी भरले. यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते: क्लोरीनची मात्रा आणि संपर्काचा काळ हे दोन्ही पुरेसे वाढवले तर ते शेवटी तळापर्यंत पोहोचते, पण पिण्याच्या पाण्यात ठेवता येण्याजोग्या मात्रेने ते साधत नाही.

ती मात्रा किती असते, हेही पाहू. वितरणाच्या पाण्यात संपर्काच्या किमान अर्ध्या तासानंतर दर लिटरला ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावे आणि ग्राहकापर्यंत पोहोचताना किमान ०.२ मिलिग्रॅम तरी उरावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. त्यातही पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) महत्त्वाचा ठरतो. क्लोरीन पाण्यात विरघळले की हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट आयन अशा दोन रूपांत विभागले जाते. त्यांपैकी आम्लाचे रूप जिवाणूंवर कितीतरी पटींनी अधिक प्रभावी असते. सामू साडेसातच्या आसपास असताना दोन्ही रूपे निम्मी निम्मी असतात, आणि सामू वाढत गेला की प्रभावी रूप झपाट्याने घटते. म्हणजे मोजणीत तेवढेच क्लोरीन दिसत असूनही त्याची मारकशक्ती पुष्कळ कमी झालेली असू शकते.

काही जिवाणूंना तर आडोशाचीही फारशी गरज नसते. मायकोबॅक्टेरियम एव्हियम आणि त्याचे जवळचे नातलग, म्हणजे क्षयाच्या जिवाणूच्याच कुळातले पण माती-पाण्यात राहणारे जिवाणू, मेणचट स्निग्ध पदार्थांनी भरलेली जाड पेशीभित्तिका बाळगतात. त्यांचे काही वाण ई. कोलायच्या तुलनेत शेकडो पटींनी, तर काही हजार पटींहूनही अधिक क्लोरीन-सहिष्णू असल्याचे प्रयोगांत आढळले आहे. त्या मेणचट आवरणामुळे ते पाण्यापेक्षा पृष्ठभागावर राहणे पसंत करतात, आणि शॉवरच्या तोटीत त्यांचे प्रमाण पुष्कळदा मूळ पाण्याच्या कितीतरी पट वाढलेले असते. ते अतिशय सावकाश वाढतात, परंतु ज्या व्यवस्थेत क्लोरीनमुळे वेगाने वाढणारे प्रतिस्पर्धी मारले जातात, तेथे सावकाश वाढणाऱ्यालाही मोकळी जागा मिळते. निर्जंतुकीकरण जसे मारते तसे निवडही करते, ही गोष्ट मला या सगळ्या विषयात सर्वाधिक विचार करायला लावणारी वाटते.

आता न्यूमोनिया घडवणाऱ्या लेजिओनेला या जिवाणूकडे वळतो. जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील एका हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन झाले आणि त्यानंतर काही दिवसांतच त्यात सहभागी झालेल्यांना न्यूमोनिया होऊ लागला. एकूण २२१ जण आजारी पडले आणि ३४ जणांचा मृत्यू झाला. कित्येक महिने कारण सापडत नव्हते, कारण हा जिवाणू नेहमीच्या पोषक माध्यमावर वाढतच नव्हता. त्याला सिस्टीन हे अमिनो आम्ल आणि लोह यांची जादा मात्रा लागते. जानेवारी १९७७ मध्ये जोसेफ मॅकडेड आणि चार्ल्स शेपर्ड या अमेरिकी संशोधकांनी त्याचा शोध लावल्याचे जाहीर झाले. पण त्यातून एक नवेच कोडे उभे राहिले. प्रयोगशाळेत इतका नाजूक, इतके चोचले असलेला जिवाणू नळाच्या जवळजवळ उपाशी पाण्यात जगतो कसा?

उत्तराची दिशा १९८० मध्ये टिमोथी रोबॉथम या इंग्लंडमधील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने दाखवली: लेजिओनेला अमीबांच्या आत वाढतो. नळ्यांच्या भिंतींवरची बायोफिल्म खाऊन जगणारे अकॅन्थअमीबासारखे एकपेशीय जीव तेथे कायमच असतात. जिवाणू दिसला की अमीबा त्याला गिळतो आणि पचवण्यासाठी एका पुटिकेत, म्हणजे पेशीतल्या पिशवीत, बंद करतो. लेजिओनेला त्या पुटिकेतूनच अमीबाच्या पेशीद्रवात स्वतःची ३०० हून अधिक वेगवेगळी प्रथिने सोडतो, पचनाची प्रक्रिया थांबवतो, पुटिकेभोवती यजमानाचीच पटले ओढून घेतो आणि आत सुरक्षितपणे विभाजन करत राहतो. पोषण संपत आले की त्याचे रूप बदलते, त्याला शेपटीसारखे कशाभ फुटते, अमीबा फुटतो आणि शेकडो जिवाणू पाण्यात मोकळे होतात. माणसाच्या फुप्फुसातील भक्षकपेशी जिवाणू गिळण्याचे काम बऱ्याच अंशी अमीबासारखेच करतात, आणि लेजिओनेला तेथेही तेच तंत्र वापरतो. म्हणजे माणसाला आजारी पाडण्याची क्षमता त्याने माणसात शिकलेली नाही. ती अमीबांशी झालेल्या दीर्घ झुंजीतून आलेली आहे. एका माणसाकडून दुसऱ्याकडे त्याचा प्रसार जवळजवळ होत नाही. त्याचे घर पाण्यात आहे, आणि तो शरीरात शिरतो तो प्रामुख्याने श्वासावाटे, शॉवर, कारंजी किंवा शीतकरण मनोऱ्यातून उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांमधून.

क्लोरीनच्या दृष्टीने अमीबाचे महत्त्व आणखी वाढते, कारण परिस्थिती प्रतिकूल झाली की अमीबा दुहेरी भिंतीच्या कोषात जातो. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशा कोषांच्या आत असलेले लेजिओनेला दर लिटरला ५० मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन सोसूनही जिवंत राहिले. नळाच्या पाण्यातील नेहमीच्या मात्रेच्या शंभरपट असे हे प्रमाण आहे. एखाद्या इमारतीत लेजिओनेला सापडल्यावर सर्व नळ्यांमध्ये क्लोरीनचा मोठा डोस सोडून ते काही तास तसेच ठेवतात, त्यानंतरच्या चाचण्या स्वच्छ येतात, आणि काही आठवड्यांत जिवाणू पुन्हा हजर होतो, या अनुभवामागचे एक मोठे कारण हेच आहे.

टिकून राहण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे सुप्तावस्था. १८८०-९० च्या दशकात जर्मन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या पद्धतीने पोषक माध्यमावर जिवाणूंच्या वसाहती वाढवून त्या मोजण्याची सुरुवात झाली, आणि गाळलेल्या पाण्याच्या एका मिलीलिटरमध्ये शंभरपेक्षा जास्त वसाहती नसाव्यात हा निकष त्याच काळातला. ती पद्धत आजही वापरात आहे आणि तिने अगणित प्राण वाचवले आहेत. पण तिच्यात एक गृहीतक दडलेले आहे: जो जिवंत आहे तो बशीत वाढेल. १९८२ मध्ये अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की ई. कोलाय आणि पटकीचा जिवाणू ताणाखाली अशा अवस्थेत जाऊ शकतात, की ते पोषक माध्यमावर वाढत नाहीत, पण त्यांच्यात जीवनक्रिया चालू असते. त्यानंतर लेजिओनेला, कॅम्पिलोबॅक्टर, स्यूडोमोनास अशा अनेक जातींबाबत ही अवस्था आढळली. उपासमार, थंडी आणि क्लोरीनची अपुरी मात्रा, म्हणजे नळीत नेहमीच असणारी परिस्थिती, जिवाणूंना त्या अवस्थेत ढकलू शकते. सुप्त लेजिओनेला अमीबांच्या संपर्कात आणले असता पुन्हा वाढीला लागतात, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. नळाच्या पाण्यातील एकूण पेशींपैकी एक टक्काही सर्वसाधारण माध्यमावर वाढत नाहीत. म्हणूनच पेशींना चमकणारा रंग देऊन लेसरच्या झोतातून एकेक मोजणारी फ्लो सायटोमेट्री आता काही देशांत पाण्यासाठी वापरली जाते. तिलाही रोगकारक आणि निरुपद्रवी पेशींतला फरक कळत नाही, पण वितरण व्यवस्थेत काही बदलत असल्याचा इशारा ती काही मिनिटांत देते, तर वसाहती दिसायला दिवस लागतात.

या सगळ्यात पोषणाचा मुद्दा मागे पडू नये. नेदरलँड्समध्ये पाण्यात उर्वरित क्लोरीन ठेवतच नाहीत. १९७४ मध्ये तेथीलच योहानेस रूक या रसायनशास्त्रज्ञाने क्लोरीन आणि पाण्यातील नैसर्गिक सेंद्रिय पदार्थ यांच्यापासून ट्रायहॅलोमिथेन ही आरोग्याला अपायकारक ठरू शकणारी संयुगे तयार होतात हे दाखवल्यानंतर त्या देशाने क्लोरीनचा वापर टप्प्याटप्प्याने कमी केला, आणि २००५ नंतर तो पूर्णपणे थांबला. त्याऐवजी पाण्यातले जिवाणूंना सहज खाता येईल असे सेंद्रिय कार्बन दर लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या खाली आणण्यावर भर दिला गेला, जेणेकरून भिंतीवर वस्ती झालीच तरी ती उपाशी राहावी. हा मार्ग सर्वांना अनुकरणीय आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. त्यासाठी अत्यंत कमी गळतीच्या नळ्या आणि चोवीस तास टिकणारा दाब लागतो. जेथे पाणीपुरवठा खंडित असतो, तेथे नळी रिकामी होताना आत ऋण दाब निर्माण होतो आणि प्रत्येक भेगेतून भोवतालचे पाणी आत खेचले जाते; तेथे उर्वरित क्लोरीन काढून टाकणे धोक्याचेच ठरेल. तरीही जिवाणूंना मारण्याइतकेच त्यांचे अन्न तोडणे परिणामकारक असते, ही त्या अनुभवातली शिकवण कोणत्याही व्यवस्थेला लागू पडते.

क्लोरीनऐवजी मोनोक्लोरामाइन हे क्लोरीन आणि अमोनिया यांच्यापासून बनणारे संयुग वापरण्याचाही पर्याय आहे. ते कमी क्रियाशील असल्यामुळे वाटेत कमी खर्च होते आणि बायोफिल्ममध्ये खोलवर जाते. ते वापरणाऱ्या व्यवस्थांमध्ये लेजिओनेलाचे प्रमाण घटल्याचे दिसले आहे. मात्र त्याच व्यवस्थांमध्ये मायकोबॅक्टेरिया वाढू शकतात, आणि त्यातून सुटणाऱ्या अमोनियावर जगणारे नायट्रीकारक जिवाणू जंतुनाशकच संपवून टाकू शकतात.

नळीचा पदार्थही या गणितात मोडतो, आणि याची अत्यंत क्लेशकारक नोंद अमेरिकेतील फ्लिंट शहरात झाली. एप्रिल २०१४ मध्ये तेथे खर्च वाचवण्यासाठी पाण्याचा स्रोत बदलून नदीचे पाणी घेण्यात आले आणि नळ्यांना गंजण्यापासून वाचवणारी प्रक्रिया करण्यात आली नाही. शिसे पाण्यात उतरले, ते जगभर गाजले. पण त्याच वेळी बिडाच्या जुन्या नळ्या गंजू लागल्या. गंजणारे लोह क्लोरीनशी अभिक्रिया करून ते संपवत होते, आणि लेजिओनेलाला हवे असलेले लोहही पाण्यात येत होते. २०१४ आणि २०१५ या दोन वर्षांत त्या भागात लेजिओनेअर रोगाचे, म्हणजे लेजिओनेलामुळे होणाऱ्या न्यूमोनियाचे, सुमारे ९० रुग्ण आढळले आणि किमान १२ जण दगावले. रसायनशास्त्रातील एका निर्णयाची सूक्ष्मजीवशास्त्रात इतकी मोठी किंमत मोजावी लागली, आणि ती मोजणाऱ्यांना त्या निर्णयात काहीही वाव नव्हता, याचा विचार केला की मन अस्वस्थ होते.

माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्षित राहिलेला भाग म्हणजे इमारतीच्या आतली नळयोजना. रस्त्याखालच्या मोठ्या वाहिनीत पाणी सतत हलते, भिंतीचे क्षेत्रफळ पाण्याच्या मानाने कमी असते आणि तापमान साधारण स्थिर असते. इमारतीत शिरताच हे सगळे उलटते. नळ्या अरुंद होतात, त्यामुळे तेवढ्याच पाण्याला कितीतरी जास्त भिंत लागते. पाणी रात्रभर आणि सुट्टीच्या काळात दिवसेंदिवस तुंबून राहते. क्लोरीन नाहीसे होते. रबरी वॉशर आणि मऊ प्लॅस्टिकच्या लवचिक नळ्यांतून जिवाणूंना खाण्याजोगे कार्बन झिरपते. स्वित्झर्लंडमध्ये घरगुती नळांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका रात्रीच्या साचण्याने पाण्यातील पेशींची संख्या दोन ते तीन पटींनी वाढलेली आढळली, आणि काही मिनिटे नळ वाहू दिल्यावर ती पुन्हा मूळ पातळीवर आली. तापमानाचे भान त्याहूनही महत्त्वाचे आहे. लेजिओनेला साधारण २५ ते ४५ अंश सेल्सिअसमध्ये जोमाने वाढतो, २० अंशांखाली निपचित राहतो आणि ६० अंशांना काही मिनिटांत मरू लागतो. म्हणून गरम पाणी टाकीत ६० अंशांना साठवावे, नळ्यांमधून फिरताना ते ५० अंशांखाली येऊ नये आणि थंड पाणी खरोखरच थंड राहावे, असा दंडक आहे. वीज वाचवण्यासाठी साठवणीचे तापमान ४५ अंशांवर आणणे हे कितीही सद्हेतूने केलेले असले, तरी या जिवाणूसाठी ते आमंत्रण ठरते. मात्र ६० अंशांचे पाणी त्वचा भाजते, त्यामुळे नळाच्या अगदी जवळ थंड पाणी मिसळणारी झडप बसवणे आवश्यक असते.

नळाची तोटी म्हणजे तर या प्रवासातला शेवटचा आणि सर्वांत नाजूक टप्पा. उत्तर आयर्लंडमध्ये २०११ च्या अखेरीस आणि २०१२ च्या आरंभी नवजात अतिदक्षता विभागांत स्यूडोमोनास एरुजिनोसाच्या संसर्गाने चार बालके दगावली. शोध नळांपर्यंत पोहोचला. तोटीतील प्रवाह सरळ करणाऱ्या बारीक जाळीसारख्या भागांवर या जिवाणूची बायोफिल्म सापडली. शहराच्या पाण्यात दोष नव्हता. निरोगी प्रौढ माणसाला जे पाणी काहीही करत नाही, तेच अपुऱ्या दिवसांच्या बाळाला, केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाला किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्या व्यक्तीला जीवघेणे ठरू शकते, म्हणून रुग्णालयातील नळ हा वैद्यकीय उपकरणाइतक्याच गांभीर्याने पाहण्याचा विषय आहे. घरासाठी उपाय साधे आहेत: दीर्घ काळ बंद राहिलेले नळ वापरण्यापूर्वी तुषार न उडतील अशा बेताने काही मिनिटे वाहू द्यावेत, शॉवरची तोटी आणि नळाची जाळी अधूनमधून काढून घासून स्वच्छ करावी व खराब झाल्यास बदलावी, न वापरात असलेल्या नळ्यांचे बंद तुकडे दुरुस्तीच्या वेळी कापून टाकावेत, कारण त्यांत अडकलेले पाणी कधीच बदलत नाही.

शेवटी नमुना घेण्याच्या पद्धतीविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. तपासणीच्या बाटलीत आधीच क्लोरीन निष्प्रभ करणारे सोडियम थायोसल्फेट घातलेले असते, कारण ते नसेल तर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत उर्वरित क्लोरीन बाटलीतच जिवाणू मारत राहील आणि अहवाल प्रत्यक्षापेक्षा चांगला येईल. ही काळजी योग्यच आहे. पण त्याच पद्धतीत नमुना घेण्यापूर्वी तोटीची जाळी काढायची, तोंड ज्योतीने किंवा जंतुनाशकाने निर्जंतुक करायचे आणि पाणी काही मिनिटे वाहू द्यायचे, असेही सांगितलेले असते. मुख्य वाहिनीतील पाणी कसे आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर ही रीत बरोबर आहे. माणूस सकाळी उठून जे पाणी वापरतो, ते मात्र न वाहू दिलेले, निर्जंतुक न केलेल्या तोटीतून आलेले पहिले पाणी असते. निदान रुग्णालये, वृद्धाश्रम आणि मोठ्या वसतिगृहांमध्ये तरी दोन्ही नमुने घ्यावेत, पहिल्या धारेचा आणि पाणी वाहू दिल्यानंतरचा, आणि त्यांच्या निकालांतला फरक अहवालात वेगळा नोंदवावा. पहिला नमुना दूषित आणि दुसरा स्वच्छ असेल तर दोष इमारतीत, बहुधा त्या नळाच्या जवळपासच आहे. दोन्ही दूषित असतील तर शोध मागे, टाकीकडे आणि मुख्य वाहिनीकडे न्यावा लागेल.